कचेरीच्या कोणत्या बाजूस उभे राहावयाचे?

गेल्या पंधरवड्यात विठ्ठलवाडीहून आम्हास एक पत्र आले. कल्याण सोडून अंबरनाथकडे निघालेल्या गाडीचे पहिले स्टेशन ते विठ्ठलवाडी. पत्र लिहिणारे गृहस्थ जातीने व धंद्याने सुतार. मूळ गाव मुरबाड तालुक्यात; तेथे भावाभावांत वाटून आलेला जमिनीचा एक तुकडा आहे. पोटासाठी ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात रंधा मारतात. त्यांची थोरली मुलगी यंदा बारावीत, कला शाखेत आहे. तिने घरी असे सांगितले आहे की, मला गुन्हा व न्याय या विषयाचे शिक्षण विद्यापीठात घ्यावयाचे आहे आणि पुढे त्यातच चाकरी करावयाची आहे. बापाने आम्हास जे विचारले ते त्यांच्याच शब्दांत देतो : ‘संपादकसाहेब, ही विद्या शिकून पोर कोण होते? पोलीस होते, की वकील होते, की नुसतीच शिकलेली होते?’

प्रश्न साधा आहे, पण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात तो आज उभा आहे. म्हणून त्याचे उत्तर खासगी पत्राने न देता येथेच द्यावे असे आम्ही ठरविले.

पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत. एक अशी की, कोणी एक इसम रंगीत छापील पुस्तिका घेऊन त्यांच्या चाळीत आला. तीन वर्षांत गुन्हेगारशास्त्राची पदवी आणि शेवटी नोकरीची हमी, असे त्याने सांगितले. फी ऐकून सुतारबाबांच्या मनात गावाकडचा तुकडा विकण्याचा विचार आला आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्यांचा पुतण्या काही वर्षांपूर्वी एका मारामारीच्या प्रकरणात धरला गेला, कित्येक महिने तुरुंगात राहिला, आणि पुढे पुराव्याअभावी सुटला. त्या सगळ्या काळात घरात आलेला एकही कागद घरातल्या एकाही माणसास समजला नाही. वकिलाने सही मागितली तेथे सही केली, पैसे मागितले तेव्हा पैसे दिले. मुलीच्या डोक्यात हे शिक्षण शिरले ते त्याच काळात, असे बाप लिहितो. आमच्या मते या दुसऱ्या गोष्टीतच पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

शेतकरी व कारागीर यांची घरे कोर्टाची पायरी चढतात ती बहुधा दोनच दारांनी. एक आरोपीचे दार, दुसरे शिपायाचे. पोर धरली गेली तर पहिल्याने, पोर भरती झाली तर दुसऱ्याने. मधल्या ज्या खोल्यांत कागद तयार होतो, तपासला जातो, वाचला जातो आणि त्यावर निकाल होतो, तेथे आमचे लोक फार थोडे. कागदाची ही भीती आजची नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी रोखे व दस्तऐवज बाहेर काढून जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. ते सावकारास मारावयास नव्हे, तर मुख्यत्वे त्याचा कागद मारावयास निघाले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला व कोर्टास रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. हिशेब तपासता येतो, हे मात्र शेतकऱ्यास दुसऱ्यानेच सांगावे लागे. घरात सांगणारा नव्हता.

आज रोख्याच्या जागी दोषारोपपत्र आले आहे एवढाच फरक. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. पैकी ४,३४,३०२ माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप कोणत्याही कोर्टात शाबीत झालेला नव्हता. चारांतले तीन! ही माणसे कोणाच्या घरची, हे सांगण्यास आकडेशास्त्र्याची गरज नाही. ज्याच्या घरी जामिनाचे पैसे आहेत तो संध्याकाळी घरी जेवतो. ज्याच्या घरी नाहीत तो आत राहतो.

बरे, कायदा अगदी आंधळा आहे असेही नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामाची नवी संहिता लागू झाली. तिच्या ४७९ व्या कलमात असे आहे की, ज्याचा हा पहिलाच गुन्हा आहे अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्यास बंधपत्रावर सोडावे; इतरांस निम्मा काळ झाल्यावर जामिनावर. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरी ही सवलत नाही. मुदत भरली की कोर्टास तसा अर्ज करणे हे तुरुंगाच्या अधीक्षकाचेच काम, असेही त्यात लिहिले आहे. तसेच १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसास, त्याचप्रमाणे प्रत्येक स्त्रीस व प्रत्येक मुलास, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसास, कारखान्यातील कामगारास, उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळावयाचा आहे. आमच्या सुतारबाबांनी पुतण्यासाठी कर्ज काढले तेव्हा हे त्यांना कोणी सांगितले होते काय? नाही. कलम पुस्तकात असते. ते योग्य दिवशी योग्य टेबलावर नेऊन ठेवावयास माणूस लागतो. तो माणूस तयार करणे हेच या विद्येचे काम आहे.

आता ही विद्या म्हणजे काय ते नीट पाहू. पुष्कळांस वाटते की गुन्ह्याचे शिक्षण म्हणजे एक तर वकिली, नाही तर फौजदारी. तसे नाही. ते एक मोठे घर आहे व त्यास अनेक खोल्या आहेत. एका खोलीत तपास होतो, दुसरीत रक्त, विष, हस्ताक्षर, मोबाइल यांची पारख होते. पुढे सरकारी वकील बसतो व त्याच्यासमोर आरोपीचा वकील. मध्ये मॅजिस्ट्रेट. मागच्या अंगास तुरुंग, आणि त्याच्याही मागे परिवीक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळ, सुटून आलेल्यास पुन्हा माणसांत आणणारे समाजकार्यकर्ते. प्रत्येक खोलीची किल्ली निराळी आहे. एकाच किल्लीने सगळी दारे उघडतात असे जो सांगतो तो विकावयास आलेला असतो.

पहिल्या खोलीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पहाटे कोणत्याही मैदानावर जावे, आमची मुले व मुली धावताना दिसतात. शिपाईभरतीस मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. बारावी पास झाल्यावर ती परीक्षा देता येते. पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेस कोणतीही पदवी चालते. म्हणजे खाकी अंगावर घालण्यास गुन्हेगारशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असे मुळीच नाही. आम्हास या मुलांचा अभिमान आहे. घर चालवितात, आईबापांचे कर्ज फेडतात. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खटला उभा राहतो किंवा पडतो तो बहुधा पहिल्या दोन दिवसांतल्या कागदावर. पंचनामा कसा लिहिला, पंच कोण घेतले, जप्त मालास सील कोठे केले, वेळ काय टाकली, यावर. ज्याने हे कधी शिकले नाही त्याच्याकडून चूक होते, आणि त्या चुकीने एके दिवशी खरा गुन्हेगार सुटतो, तर दुसऱ्या दिवशी निरपराधी अडकतो. भरती झाल्यावर मिळणाऱ्या शिक्षणावर न थांबता ज्याने बाहेरून पदवी व पुढे कायदा केला, असा शिपाई आपल्या ठाण्यात निराळाच उमटून पडतो. भरती झाली म्हणजे शिकणे संपले, ही समजूत आमच्या घरांनी सोडावी.

दुसऱ्या खोलीकडे, म्हणजे प्रयोगशाळेकडे, आमच्या लोकांचे लक्ष अजून गेलेले नाही. आम्ही त्यावर मुद्दाम थांबतो. नव्या संहितेच्या १७६ व्या कलमात असे ठरले आहे की, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रण करावे. हे प्रत्येक राज्याने पाच वर्षांच्या आत अमलात आणावयाचे आहे. झडती व जप्तीचे चित्रणही १०५ व्या कलमाप्रमाणे आता करावे लागते. मोबाइलमधील संदेश, कॅमेऱ्यातील चित्र कोर्टात पुरावा म्हणून कसे आणावे याचे नियम पुरावा अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहेत. याचा अर्थ असा की, पुढील काळात मारून कबुली घेणाऱ्या हातापेक्षा नमुना जपून उचलणाऱ्या हातास अधिक मोल येणार. महाराष्ट्र सरकारची न्यायसहायक प्रयोगशाळा मुंबईस १९५८ पासून आहे. तिचे मुख्य ठिकाण कलिना येथे. या शास्त्राचे शिक्षण देणारी सरकारी संस्था मुंबईस २००९ साली निघाली. नागपूर व औरंगाबाद (हल्लीचे छत्रपती संभाजीनगर) येथेही तशा संस्था आहेत. गुजरातेत गांधीनगरास तर या एकाच शास्त्राचे विद्यापीठ आहे व २०२० च्या कायद्याने त्यास राष्ट्रीय दर्जा मिळाला. या खोलीची किल्ली एकच : बारावीस शास्त्र शाखा आणि पुढे रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान किंवा न्यायसहायक शास्त्र यांची पदवी. ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या माप, काटा, रंग व धातू यांचे कसब आहे अशा सोनार, लोहार, रंगारी, कुंभार यांच्या मुलांस ही खोली परकी वाटण्याचे कारण नाही. भट्टीचा रंग पाहून उष्णता ओळखणारा बाप ज्याच्या घरी आहे, त्यास प्रयोगशाळेची काय भीती?

विठ्ठलवाडीची मुलगी कला शाखेची आहे, सबब हे दार तिला तूर्त बंद. तिच्यापुढे दोन दारे आहेत, कायद्याचे व समाजकार्याचे. समाजकार्याविषयी लोकांत फार गैरसमज आहे. ते फुकट करावयाचे पुण्य आहे असे वाटते. तसे नव्हे. मुंबईस टाटा संस्था १९३६ पासून हे शिक्षण देत आहे व तेथे गुन्हेगारशास्त्र आणि न्याय यांचे स्वतंत्र केंद्र आहे. याच संस्थेतून १९९० साली ‘प्रयास’ नावाचे काम निघाले. पोलीस ठाणे, कोर्ट व तुरुंग यांत अडकलेल्या माणसांस वकील मिळवून देणे, घरी निरोप पोहोचविणे, सुटल्यावर काम लावून देणे, हे त्याचे स्वरूप. कोणतीही पदवी झाल्यावर तेथे एम.ए.साठी परीक्षा देऊन जाता येते. परिवीक्षा अधिकारी ही जागा १९५८ च्या कायद्याने निर्माण झाली. प्रथमच चुकलेल्या माणसास तुरुंगात न घालता देखरेखीखाली सोडावे की काय, याचा अहवाल कोर्टास तो अधिकारी देतो. एका पानाचा अहवाल आणि एका तरुणाचा जन्म! बाल न्याय मंडळातही मॅजिस्ट्रेटाबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात व त्यांत एक तरी स्त्री असावीच लागते. ज्या घरांनी पोरे धरली गेलेली पाहिली आहेत, त्या घरच्या मुली या जागांवर बसल्या तर अहवालाची भाषा पालटेल, असा आमचा भरवसा आहे.

परंतु आमचा कल विचाराल तर आधी कायदा. कारण कायद्याची पदवी असली की सरकारी वकील, आरोपीचा वकील व मॅजिस्ट्रेट या तिन्ही खोल्यांचा रस्ता मोकळा होतो, आणि तीवर पुढे समाजकार्य किंवा गुन्हेगारशास्त्र चढविता येते. उलटे होत नाही. नुसत्या गुन्हेगारशास्त्राच्या पदवीवर कोर्टात उभे राहता येत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एल्‌एल्.बी., दोन्हींस राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तिचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावयाचे असतात. दरसाल कित्येक मुले निकाल लागल्यावर चौकशीस निघतात व वर्ष गमावून बसतात. आरोपींच्या बचावासाठी २०२२ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक नावाची कार्यालये निघू लागली आहेत. तेथे गरिबांचे खटले लढविण्यासाठी वकील पूर्णवेळ नेमले जातात. सरकारी वकिलाच्या जागा राज्य लोकसेवा आयोग भरतो. मॅजिस्ट्रेट होण्यास मात्र, २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने दिलेल्या निकालाप्रमाणे, आधी तीन वर्षे वकिली करावी लागते. ही तीन वर्षे गरिबाच्या मुलास जड जातात, हे आम्ही जाणतो. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली पहिली वर्षे चहापाण्यापुरते मिळते, आणि घरी भाडे तर द्यावेच लागते. त्यासाठी समाजातील सुखवस्तू मंडळींनी दोन-चार होतकरू वकिलांचा तीन वर्षांचा खर्च उचलावा. लग्नाच्या मांडवात एका रात्री उडणाऱ्या पैशांत एक मॅजिस्ट्रेट तयार होईल.

आता फीविषयी. तुकडा विकू नका! हे आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिले असे समजावे. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे जी साक्ष दिली तिचा एक मुद्दा असा होता की, सरकारी तिजोरीतला पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्यातून होणारे शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडते. आजही सरकारी व अनुदानित कॉलेजे आपल्या करावर चालतात. त्यांत न जाता रंगीत पुस्तिकेच्या मागे जाणे म्हणजे आपल्या विहिरीवर दुसऱ्यास पाणी पाजून आपण बाटली विकत घेणे होय. चर्चगेटचे सरकारी लॉ कॉलेज १८५५ साली स्थापन झालेले आहे. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राध्यापक होते व १९३५ साली त्याचे प्रिन्सिपॉल झाले. इतके लांब जाणे नको असेल तर खुद्द उल्हासनगरात नारी गुरसहानी यांच्या नावाचे लॉ कॉलेज आहे, व ठाण्यासही १९७२ पासून कायद्याचे कॉलेज आहे. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणास जाणाऱ्या इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल व मराठा वर्गांतील मुलींस, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा यांची फी पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांस ही सवलत लागू नाही. पुस्तिकेत ही ओळ छापलेली सापडणार नाही! पदवीनंतर वकिलीची सनद घेताना बार कौन्सिले हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की नोंदणीसाठी ७५० रुपयांहून, व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून अधिक घेता येणार नाहीत.

आणि पुस्तिकावाल्यास काय विचारावे? हे की, बाबा रे, तुझी पदवी घेतल्यावर कोणत्या सरकारी जागेच्या जाहिरातीत या पदवीचे नाव येते, ती जाहिरात दाखव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत तुझे विद्यापीठ आहे काय ते दाखव. कायदा शिकवीत असशील तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता दाखव. नोकरीची हमी देतोस ती मुद्रांकावर लिहून दे. एवढे विचारल्यावर जो चहा न पिता उठतो, त्याची ओळख पटली. सगळीच खासगी कॉलेजे वाईट असे आमचे म्हणणे नाही. परंतु भिडस्तपणाने तीन वर्षांची फी आगाऊ मोजणारा बाप आम्ही पाहिला आहे, आणि पुढे तीच पदवीधर मुलगी मॉलच्या काउंटरवर उभी असलेलीही पाहिली आहे. काउंटरचे काम हलके नव्हे, पण त्यासाठी तुकडा जावयास नको होता.

शेजारीपाजारी म्हणतात की, पोरीच्या जातीने चोर-दरोडेखोरांच्या विषयात कशास शिरावे? यावर आम्ही एकच खटला सांगतो. १९७२ साली देसाईगंज येथे, तेव्हाच्या चांदा भागात, एका आदिवासी मजूर मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांस सोडले, नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. मुलीने आरडाओरड केली नाही, अंगावर जखमा नाहीत, असली कारणे त्यात होती. तो निकाल तसाच पडून राहिला असता. परंतु १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या कायदा शिकविणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे त्यांनी कायद्याच्याच आधाराने दाखवून दिले. देशभर स्त्रिया उठल्या व १९८३ साली कायदा पालटला. कोठडीतल्या अत्याचारास निराळी व कडक शिक्षा आली, आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर कोर्टाने तसे धरून चालावे, असे पुराव्याच्या कायद्यात लिहिले गेले. त्या चौघांत दोन स्त्रिया होत्या. निकाल वाचता येत होता, म्हणून तो चुकला आहे हे त्यांना सांगता आले. जिच्यावर बेतली ती मजुराची पोर होती. पत्र लिहिणाऱ्यांत मात्र मजुराच्या घरचे कोणी नव्हते. दोष त्या चौघांचा नव्हे, त्यांचे उपकारच आहेत. पण पुढचे पत्र आपल्या घरातून जावे की नाही?

चोरांची बाजू घेणे पाप, असेही कोणी म्हणेल. त्यांनी आपल्याच चळवळीचा इतिहास आठवावा. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींवर पुण्यास खटला होऊन शिक्षा झाली, तेव्हा अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर, आणि ते सुटले. त्या दिवशी आपले पुढारी आरोपी होते. पुस्तकातील भाषेविषयी कोणाचे काहीही मत असो. बॅरिस्टर घरचा होता म्हणून तुरुंग टळला. छत्रपती शाहूंनी कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या वर्गांतील लोकांस वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हा वरच्या लोकांस हसू आले होते. त्याच राजाने १९१८ साली, गुन्हेगार म्हणविल्या गेलेल्या जातींची रोजची हजेरी बंद केली. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो डाग कागदावरून १९५२ साली पुसला गेला. काही ठाण्यांत चोरी झाली की अजून पारध्याच्याच पालाकडे गाडी जाते. गुन्हेगार कोण, हे ठरविण्याचे शास्त्र ज्यांच्या हाती राहिले त्यांनी ते कसे वापरले, याचा हा दाखला आहे.

येथे आमच्याच लोकांस एक कडू शब्द बोलणे भाग आहे. आमच्यापैकी जे वकील झाले त्यांतील कित्येक कज्जेदलाल झाले. दोन भावांचा बांधाचा तंटा चावडीवर मिटत असता त्यास कल्याणच्या कोर्टात आणून वीस वर्षे जिवंत ठेवणारे आमच्याच आडनावाचे आहेत. जे अधिकारी झाले त्यांतील काहींस गावच्या माणसाने ओळख दिली तर ओशाळल्यासारखे होते. केवळ आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे न्याय झाला, असे आम्ही समजत नाही. परंतु खुर्ची रिकामी ठेवून न्याय मिळेल, हे तर त्याहूनही खोटे.

आता सुतारबाबांस उत्तर. तुमची मुलगी पोलीस होऊ शकेल, वकील होऊ शकेल, परिवीक्षा अधिकारी होऊ शकेल, आणि टिकून राहिली तर मॅजिस्ट्रेटही. पुस्तिका परत करावी. राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पाच वर्षांच्या कायद्याचा अर्ज मुलीने स्वतः भरावा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला व अधिवास हे चार कागद आजच तहसील कचेरीतून काढावयास लागावे. ऐन वेळी एका दाखल्यासाठी जागा गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. यंदा परीक्षेत यश न आले तर जवळच्या कॉलेजात बी.ए. करावे आणि तीन वर्षांनी पुन्हा कायद्याकडे वळावे. वाया काही जात नाही.

परीक्षेच्या आधी एक दिवस मोकळा काढून बापलेकींनी कल्याणच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसावे. फौजदारी कोर्ट सर्वांस उघडे असते. साक्षीदार नसाल तरी बसता येते. कोण उभे आहे, कोण बोलते आहे, कोण नुसते मान हलविते आहे, हे मुलीने पाहावे. आणि पुतण्याच्या खटल्याचे दोषारोपपत्र अजून पेटीत असेल, तर ते तिच्या हाती द्यावे. मराठीतच असेल. पंचनाम्यापासून सुरुवात करून तिने ते सावकाश वाचावे आणि जे जे समजले नाही त्यावर पेन्सिलीने खूण करावी. त्या खुणांचा कागद आमच्याकडे पाठविल्यास आमच्या ओळखीच्या वकिलांकडून तो समजावून परत धाडण्याची व्यवस्था आम्ही करू.